लंकेतल्या मोऱ्या

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. लग्नाला दोन महिने झालेत. परवा संध्याकाळी तो दारात उभा राहिला. "काका, आम्ही दोघं श्रीलंकेला चाललोय. तुम्ही दोन वर्षं होतात ना तिकडे? काय काय बघायचं ते सांगा की." हातात मोबाइल, टिपून घ्यायच्या तयारीत.

बस म्हटलं. हिनं चहा टाकला. त्यानं त्याच्या टूरवाल्यानं दिलेली यादी वाचून दाखवली: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा. यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही. पोराला वाटलं, म्हातारा विसरला असणार. विसरलो नाही. पण मला लंका मोऱ्यांनी ठाऊक आहे, आणि मोऱ्या बघायला कोणी मधुचंद्राला जात नाही.

मोरी म्हणजे भांडी घासायची नव्हे. रस्त्याखालून पाणी जायला नळ टाकलेला असतो, ती.

मी सैन्यात ड्रायव्हर. एएससी, म्हणजे रसद पोचवणारी कोअर. मूळचा सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे घरटी एक फौजी, त्यामुळे भरती झालो त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. १९८५ ला बंगळूरच्या सेंटरला ट्रेनिंग, मग शक्तिमान ट्रक हातात. नवे लोक विचारतात कुठली लढाई केली म्हणून. कारगिलच्या वेळी मी जबलपूरला वर्कशॉपच्या दारात गाड्यांचे कागद धरून उभा होतो. श्रीलंका म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिकडे कशाला गेला होता?"

त्याचं उत्तर आम्हाला तरी कुठं नीट सांगितलं होतं? २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईनं, शस्त्रं खाली ठेवायची, आपण मध्ये उभं राहून शांतता राखायची. म्हणून नाव शांतिसेना. ऑक्टोबर उजाडला आणि ज्यांच्याकडून शस्त्रं घ्यायची त्यांच्याशीच लढाई जुंपली. आमचा नंबर लागला १९८८ च्या जानेवारीत. सुरुवातीला आपल्या जवानांना तिथं हार घातले म्हणतात. ते दिवस मी पाहिले नाहीत. मी गेलो तेव्हा खिडक्या बंद व्हायला लागल्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे रेडिओ सिलोन लागतं ते? मग बरं आहे." त्यांच्या लेखी त्या देशातून फक्त गाणी येत. आईनं रावणाचं नाव काढलं. हिचं माझं लग्न होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती काही बोलली नाही. तिचा थोरला दीर ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होता, किसननगरला चाळीत खोली. तो मात्र म्हणाला, "लंकेत सोन्याच्या विटा. जा, घेऊन ये दोन."

मद्रासहून जहाजानं गेलो. गाड्या पोटात साखळदंडांनी जखडलेल्या, आणि माणसं मिळेल तिथं. समुद्र मी त्याआधी एकदाच पाहिला होता, गिरगाव चौपाटीवर, तोही पॅण्ट दुमडून. रात्रभर ओकलो. आमच्यातला एक जाट पोरगा तर "ट्रेन से नहीं जा सकते क्या" असं विचारत होता. सकाळी त्रिंकोमालीचं बंदर दिसलं. तिन्ही बाजूंनी डोंगर, आत पाणी असं शांत की ठाण्याच्या तलावपाळीला शांत म्हणायला नको. अर्थात तलावपाळीही मी नंतरच पाहिली.

त्रिंकोमाली मला आवडलं, खोटं कशाला बोलू. किल्ल्यात ठिपक्याठिपक्यांची हरणं मोकळी फिरत. टोकाच्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ, खाली सरळ समुद्र. गावाबाहेर कन्निया नावाच्या ठिकाणी गरम पाण्याच्या सात विहिरी आहेत, हात दोन हात खोल, प्रत्येकीचं पाणी कमीजास्त गरम. रावणानं आईच्या क्रियाकर्मासाठी त्या केल्या असं तिथले लोक सांगतात. बंदोबस्तात दोनदा आंघोळीला नेलं होतं. पुढे ठाण्यात आल्यावर हिला वज्रेश्वरीला घेऊन गेलो, तर कुंडाच्या पायरीवर पाय टाकताना माझी मान आपोआप मागं वळली. पहाऱ्यावरचा संत्री कुठं आहे ते बघायला.

हवा मात्र उलटी. आपल्याकडे सात जूनला आभाळाकडे बघायचं. तिकडे जून-जुलै कोरडा ठक्क, लाल धूळ, आणि दिवाळीच्या सुमारास पाऊस सुरू. तिथला आषाढ म्हणजे आपला वैशाख. पाऊस आला की डास. सूर्य कलला की बाह्या खाली करायच्या आणि डीएमपी तेल चोळायचं, नाहीतर सुभेदार साहेब सगळ्यांसमोर इज्जत उतरवायचे. मला मलेरिया दोनदा झाला. दुसऱ्या वेळी तापात मी कुणाला तरी मराठीतून सारखं सांगत होतो की गाडी न्यूट्रलला आहे, ढकला.

जेवण लंगरचं: डाळ, चपाती, बटाटा. भाजी जहाजावर अवलंबून. नारळ मात्र रगड. पंजाबी मुलांना शहाळं सोलता येईना, ते संगिनीनं भोक पाडायला जायचे आणि पाणी अंगावर. कोकणातला एक नायक होता, तो कोयत्याचे तीन घाव घालून हातात द्यायचा. त्याची ड्युटी बदलली की सगळ्यांना हळहळ.

आता मोऱ्या.

एप्रिलनंतर आमची तुकडी वावुनियाला गेली. तिथून उत्तरेला एक सडक निघते, थेट जाफन्याला जाते. ओमंथाई, पुलियनकुलम, मांकुलम, किलिनोच्ची, मग एलिफंट पास. दोन्ही बाजूंना झाडी, वस्ती तुरळक, कधीकधी हत्ती आडवे. आम्ही या सडकेवरच्या ठाण्यांना रसद पोचवायचो. पीठ, बटाटे, डाळ, रॉकेल, टपाल. परतीला रिकाम्या जेरीकॅन आणि सुट्टीवर निघालेली माणसं.

गाडीच्या केबिनमध्ये पायाखाली वाळूची पोती. सीटखालीही. त्यामुळे गुडघे हनुवटीला यायचे आणि क्लच दाबताना टाच पोत्याला घासायची. माझ्या डाव्या टाचेवर अजून घट्टा आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं कशाचा, मी म्हटलं वाळूचा.

पहाटे आरओपी निघायची. रस्ता उघडणारी पार्टी. पायी. पुढे सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन इंजिनिअरची मुलं, दोन्ही बाजूंना इन्फंट्री. मोरी आली की दोघं खाली उतरायचे, नळात बॅटरी मारून बघायचे, आजूबाजूची माती ताजी आहे का, गवत मळलंय का, कुठं वायर लोंबतेय का. मग हात वर. मग पुढची मोरी. ते सगळं झाल्यावर आम्ही, आठ-साडेआठला. दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर. पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच चाक न्यायचं, एक इंच इकडेतिकडे नाही. कॉन्वॉयमध्ये रेडिओ बंद, गप्पा बंद. माझा को-ड्रायव्हर मोऱ्या मोजायचा, तोंडातल्या तोंडात. तो नांदेडकडचा, बारावी झालेला, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. प्रत्येक मोरीला त्यानं खूण लावली होती. वाकड्या ताडाची. तुटक्या कठड्याची. म्हशीची. बाईची (तिथं कधीतरी एक म्हातारी बसलेली दिसली होती). एक नुसतीच "साली". ती का साली, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

सुरुंगाला मोरीच का, तर खणायला लागत नाही. नळात माल भरायचा, दोन्ही तोंडं मातीनं लिंपायची, वायर गवताखालून लांब न्यायची. वायरच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि माणूस. हे दुसरं टोक मला पुढं फार जड गेलं. जमिनीतला साधा सुरुंग आंधळा असतो, ज्याचं चाक पडेल त्याचं नशीब. वायरवाला सुरुंग बघत असतो.

ऑगस्टमधली गोष्ट. त्या दिवशी वीसेक गाड्या होत्या. माझी चौथी. ऊन असं की स्टिअरिंगला फडका गुंडाळून धरलेला. आरओपी त्या भागातून दीड तासापूर्वी गेलेली. तुटक्या कठड्याची मोरी आली, मास्तर पुटपुटला, "कठडा." मी गिअर बदलला, पुढची चाकं गेली, मागची गेली, पोती हादरली, झालं. पाचवी गेली. सहावी गाडी त्या मोरीवर आली.

आवाज मला ऐकू आला नाही. हे मी अनेकांना सांगितलं, कुणाला पटत नाही. आधी छातीवर मागून कुणीतरी गादी आपटल्यासारखं झालं, केबिनमध्ये धूळ भरली, आणि मग सगळं चिडीचूप. आरशात काळपट तपकिरी खांब. तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूनं एक चाक गेलं. टायरसकट, उभंच, घरंगळत, माझ्या गाडीहून थोडं जास्त वेगात. सरळ सडकेनं तीस-चाळीस मीटर गेलं आणि मग दमल्यासारखं डावीकडे झुकून गटारात पडलं. मी त्या चाकाकडेच बघत राहिलो. मास्तरनं दंडाला धरून खाली ओढलं. मग झाडीतून फायर आला, आपला गेला, पंधरा-वीस मिनिटं. मी गाडीखाली कार्बाइन घेऊन पडलेलो, नाकात डिझेल आणि जळक्या रबराचा वास. एक गोळी मारल्याचं आठवतं. कुठं मारली ते विचारू नका.

सहाव्या गाडीत माणसं होती. सुट्टीवरून परत येणारी. किती गेली ते इथं लिहीत नाही. त्यातल्या एकानं आदल्या रात्री माझ्याकडून दाढीचं ब्लेड उसनं घेतलं होतं.

वावुनियाला परत आलो तेव्हा सगळे म्हणाले, नशीब बलवत्तर. आईनं पुढं पत्रात लिहिलं, खंडोबानं राखलं. मी हो म्हटलं. पण ड्रायव्हरला हिशोब कळतो. झाडीतल्या त्या माणसानं पहिली गाडी सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली. मग मी आलो. माझ्या गाडीत पीठ आणि बटाटे, ताडपत्री घट्ट बांधलेली, वर माणूस नाही. त्यानं बघितलं असणार. कदाचित माझं तोंडही बघितलं असेल, खिडकी उघडीच होती. आणि म्हणाला असेल, हा नको. मला तो दिसला नाही. त्याला मी दिसलो. सदतीस वर्षं झाली, तो असेल की नसेल कुणास ठाऊक, पण माझ्या आयुष्यात मला इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी बघितलं नाही. हिच्या बापानंही नाही, स्थळ बघायला आले होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सडक. ठाण्यांना पीठ लागतंच. मोरीच्या जागी खड्डा, बाजूनं कच्चा वळसा काढलेला. मास्तरनं त्या जागी काहीच म्हटलं नाही. नंतर बरेच दिवस तो मोऱ्या नुसत्या आकड्यांनी मोजायचा, नावं बंद.

आपल्या लोकांनी तिथं सगळं चांगलंच केलं असं मी म्हणणार नाही. बस थांबवून बायामाणसांना उन्हात उतरवलेलं मी माझ्या सीटवरून पाहिलं आहे. एकदा पाणी मागायला एका घरी गेलो, "तण्णी, तण्णी" म्हणत, तेवढंच तमिळ यायचं. म्हातारीनं विहिरीतून काढून दिलं, पण भांडं हातात दिलं नाही, जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं झाली. पाणी गोड होतं. भांडं परत देताना मीही जमिनीवरच ठेवलं.

बाकी दिवस मग सगळीकडे असतात तसे. फर्स्ट परेड, तेल-पाणी, टायर, टपालाची वाट. पत्र घरून निघून हातात यायला कधी दोन आठवडे, कधी महिना. ही पाचवी शिकलेली, तिचं पत्र दीर लिहून द्यायचा, त्यामुळे त्यात कारखान्याचा संपच जास्त. शेवटी एक ओळ तिच्या हातची: "जपून चालवा." किसननगरहून गाडीनं येणाऱ्या माणसाला सांगावं तसं.

सोन्याच्या विटा काही मिळाल्या नाहीत. त्रिंकोमालीच्या बाजारात जपानी वस्तू मात्र भरपूर. सगळे घेत, मीही एक टू-इन-वन घेतला, दोन स्पीकरवाला. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन मद्रासहून पुण्यापर्यंत आणला. हिला वाटलं होतं निदान एक बोरमाळ येईल. अंगणात सगळ्या आळीसमोर तो सुरू केला, तर ही म्हणाली, "नवरा लंकेला जाऊन आला आणि लंकेची पार्वती मीच." अजून म्हणते. टू-इन-वन १९९७ पर्यंत चालला. वडील त्याच्यावर सिलोन लावायचा प्रयत्न करायचे.

आम्ही १९८९ च्या नोव्हेंबरात परतलो. शेवटची तुकडी निघाली २४ मार्च १९९० ला, त्रिंकोमालीहूनच. बत्तीस महिन्यांत आपले अकराशेच्या वर जवान गेले. मद्रास स्टेशनवर मी वर्दीत उभा होतो, वडा-सांबार खात. शेजारच्या माणसानं विचारलं, कुठून आलात. सांगितलं. तो ताट घेऊन पलीकडच्या टेबलावर गेला. मास्तर म्हणाला, त्याला पंखा हवा असेल.

मास्तर पुढं शिक्षण खात्यात चिकटला. खरंच मास्तर झाला. फोन असतो. आम्ही मोऱ्यांविषयी बोलत नाही, शुगरविषयी बोलतो.

२००९ ला हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि भावाच्या ओळखीनं ठाण्यात एका कंपनीची स्टाफ बस धरली. घोडबंदर रोड, माजिवडा ते गायमुख आणि परत, बारा वर्षं. या रस्त्याबद्दल ठाणेकरांना मी काय सांगणार. पण एक सांगतो. खड्डा पडला की सगळे शिव्या देतात. मला उघडा खड्डा चालतो. त्यात काय आहे ते दिसतं. मला बुजवलेला खड्डा नको. रात्रीत कुणीतरी येऊन भरून गेलेलं असतं, सकाळी बघावं तर काळं, ताजं, चौकोनी, कडेनं बारीक खडी सांडलेली. पायानं ब्रेक आधीच मारलेला असतो. मी वळसा घालून जायचो. मागची मंडळी म्हणायची, "काका, आता बुजवलाय की हो, जाऊ द्या वरून." मेट्रोचं काम सुरू झाल्यावर तर रोज नवीन जागी खणलेलं, रोज नवीन जागी भरलेलं. वाघबीळपासून कासारवडवलीपर्यंत येईस्तो माझा सदरा ओला. एका मॅडमनी तक्रारही केली, ड्रायव्हर उगाच गाडी हलवतो म्हणून. ऑफिसात बोलावलं. मी काय सांगणार? म्हटलं, सवय आहे साहेब, सोडतो. सुटली नाही.

हे सगळं त्या पोराला काही सांगितलं नाही. चहा संपवून तो उठायला लागला तेव्हा एवढंच म्हटलं, जमलं तर त्रिंकोमाली कर. बंदर बघ, कोणेश्वराला जा, किल्ल्यात हरणं आहेत का अजून ते बघ. नुवारा एलियाच्या थंडीसाठी तिकडे कशाला जायला पाहिजे, महाबळेश्वर आहे की आपलं. तो हसला. टिपून घेतलं की नाही ते कळलं नाही.

काल दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा व्हिडिओ आला. खाली लिहिलंय, "काका, तुमच्या त्रिंकोच्या वाटेवर!" हबरणाहून येतायत बहुतेक. गाडीच्या पुढच्या काचेतून घेतलेला. रस्ता गुळगुळीत, मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना झाडी, गाडीत गाणं लावलेलं आणि सूनबाई काहीतरी खातेय. हिनं विचारलं, "तसंच आहे का हो अजून?"

थांब म्हटलं. अठ्ठेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. चष्मा लावून तीनदा पाहिला.

चार आहेत. चौथीचा कठडा नवा बांधलाय.